नळकांड्याला गिऱ्हाईक

नाही हो, मी तुम्हाला घाबरवत नाहीये, नुसतं सांगतेय — घरी आलेल्या गिऱ्हाइकाला खरं काय ते आधीच सांगावं, मागाहून बोल नको. जड आहे. फार जड आहे. गळ्यात अडकवून चार पावलं चाललात की मान अशी पुढं येते — आता हे आले की बघा ह्यांची मान. येतीलच. कोपऱ्यावरच्या दुकानात खोकं आणायला गेलेत, चांगल्या जाड पुठ्ठ्याचं. तुम्ही पिशवी आणलीय, माहितेय मला, पण ह्यांचं म्हणणं, वस्तू घरातून जायची तर नीट बांधून जावी. मुलीला सासरी पाठवतानासुद्धा एवढा घोळ घातला नव्हता. तर ते यायच्या आत तुम्ही ठरवून टाका. म्हणजे, नको असेल तर संकोच करू नका — मी सांगेन त्यांना, गिऱ्हाईक आलं होतं, बघून गेलं, नाही आवडलं. मुळीच वाईट वाटणार नाही त्यांना. वाटेल थोडं. पण ते माझं मी बघेन.

आणि आत बुरशी आहे. लेन्समध्ये, आत. नाही दिसत? उजेडाकडे धरा. नाही ना दिसत — तीच तर गंमत आहे बुरशीची, सुरुवातीला दिसत नाही. काय? वास? कसला वास? साबणाचा — छे, साबणाचा कसा येईल, कॅमेऱ्याला कोण साबण लावतंय. कपाटातला असेल. आमच्याकडे कपड्यांत वड्या ठेवतात वासाच्या. लेन्स कपड्यांतच असते हो, माझ्या शालींच्या खणात, सगळा खण अडवून बसलीय. वर्षानुवर्षं मी ओरडतेय, विका ते नळकांडं, विका ते नळकांडं. मी नळकांडंच म्हणते त्याला. तसं दिसतंच ना.

आता ह्यांची हौस म्हणाल तर — हे वजनकाटे तपासायचे. सरकारी नोकरी. दुकानादुकानात जाऊन काटा बरोबर आहे का बघायचं, शिक्का मारायचा. आयुष्यभर लोकांच्या मापात रेघभर चूक निघाली तरी ह्यांना झोप यायची नाही. पण हातात कॅमेरा आला की सगळंच हललेलं. सुट्टी लागली रे लागली की हे निघाले जंगलात. डोंगर, दलदल, नदीचं मूळ, जिथं म्हणून अंथरूण मिळत नाही तिथं. आणि आठ दिवसांनी परत यायचे, दाढी वाढलेली, अंगभर चावलेलं, आणि फोटो दाखवायचे. शेपट्या. मी खोटं नाही सांगत, ह्यांच्याकडे शेपट्यांचा एक अख्खा अल्बम आहे. हरीण निघून गेलं, शेपूट राहिली. पक्षी उडाला, फांदी हलतेय. एक झुडूप आहे, मोठं करून चौकटीत लावलंय, ते बघा तुमच्या मागं — आलेल्या प्रत्येकाला सांगतात, ह्याच्या मागं बिबट्या आहे. असेल. मी कुठं नाही म्हणतेय? झुडूप चांगलंच आलंय.

हसा, हसा. मीही हसायचे. हसले म्हणजे — आता तुम्ही परके, तुम्हाला काय सांगायचं. पण माझा राग कॅमेऱ्यावर नव्हता हो. हे निघायचे ना, तेव्हा मी डबा भरून द्यायची, मोजे शोधून द्यायची, दारापर्यंत जायची. आणि दारात उभं राहून दर वेळी वाटायचं, आता म्हणतील. चल म्हणतील. एवढंच, चल. मी गेले असते असं नाही, मुलगी लहान होती, सासूबाईंचं पथ्यपाणी होतं, मी नाहीच म्हणाले असते. पण नाही म्हणायला तरी कुणी विचारावं लागतं की नाही? तर मी म्हणायची, विका ते नळकांडं. ते आपले समजायचे, हिला खण हवाय.

जाऊ दे. तुम्ही बटणं बघत होतात. बघा. बटणंसुद्धा घट्ट झालीत.

तर गेल्या वर्षी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर चाला, चढ-उतार बंद. झालं, हे खुर्चीत बसले ते बसलेच. आणि एक दिवस आपणहून म्हणाले, तुझं बरोबर आहे, विकून टाकू, आता माझ्या काय उपयोगाचं ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसानं माझं ऐकलं. जाहिरात टाकली, आणि तुमचा फोन आला — तुम्हीच ना, ज्यांनी म्हटलं की ह्यानं काढलेला एखादा फोटो नमुन्याला पाठवा? मग सगळ्याच्या मुळाशी तुम्हीच आहात.

कसं म्हणजे? ह्यांनी बॅटरी भरली, सगळं जोडून ओट्यावर आणून ठेवलं, आणि तसेच उभे. मी म्हटलं, काढा की. म्हणाले, उद्या काढतो, आणि जाऊन झोपले. दुपारी झोपतात ते. आता ओट्यावर ते धूड, मला स्वयंपाकाला जागा नाही. म्हटलं, आपणच काढावा एक आणि मोकळं व्हावं, त्यात काय. खिडकीतून समोर दातांच्या डॉक्टरांची गच्ची दिसते, गच्चीत पाण्याची टाकी. म्हटलं, टाकीचा काढू, टाकी हलत तरी नाही. डोळा लावला, दाबलं. तोच तुम्हाला पाठवला ह्यांनी, टाकीचा. छान आलाय म्हणालात ना तुम्ही? हां. मी काढलाय हे त्यांना सांगितलं नाही मी, कार्डावर फोटो दिसला तर आपणच काढला असेल, असं धरून चालले ते. पण दुसरा काढायला म्हणून परत डोळा लावला, तर टाकीजवळ गच्चीच्या कठड्यावर काहीतरी निळं. निळं म्हणजे असं निळं की मला वाटलं ह्या यंत्रातच काही बिघडलं. खंड्या होता, भाऊ. खंड्या पक्षी. चोच ही एवढी, आणि डोळ्याजवळचं पीस न् पीस दिसतंय. एवढी वर्षं मी त्या खिडकीशी भांडी घासतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. भाजी करपली माझी. करपू दिली.

नाही, म्हणजे — एकदाच. एकदाच झालं ते.

तुम्ही असे बघू नका हो माझ्याकडे. बरं, तुम्हाला दाखवतेच, म्हणजे तुमची खात्री पटेल की ह्यातून काही धड निघत नाही. ह्यात ह्यांचंच कार्ड आहे, झाडं आणि शेपट्या, हे बघा, हे दाबलं की — अगं बाई.

हे कुठलं कार्ड राहिलं आत. माझं — म्हणजे हे दुसरं आहे, हे नव्हतं दाखवायचं, द्या इकडे. द्या हो. मागचा? मागचाही तोच आहे. त्याच्या मागचाही. हो, चोचीत मासा आहे. हो, नारिंगी.

आता बघितलंतच तर बसा. पण हे बाहेर बोलायचं नाही. दातांच्या डॉक्टरांच्या गच्चीत टब आहे, त्यात नारिंगी मासे पाळलेत त्यांनी. एकेक मासा नाहीसा व्हायला लागला. डॉक्टरांनी आळ घेतला आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंच्या मांजरावर. चोर सोडून संन्याशाला फाशी. अहो, त्या मांजराचं वय झालंय, तोंडात एक दात नाही त्याच्या. दातांचा डॉक्टर आणि दात नसलेल्या मांजरावर चोरीचा आळ. जिन्यात भांडणं झाली, बाईंनी डॉक्टरांच्या पँटी शिवायचं सोडलं, मांजर दिवसभर खोलीत कोंडलेलं, ओरडतं बिचारं. आणि खरा चोर माझ्याजवळ आहे, पुराव्यासकट, चोचीतल्या माशासकट, गच्चीच्या कठड्यासकट. मुकाट बसलेय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दाखवायचं म्हटलं तर विचारतील, फोटो काढला कुणी? मग काय सांगू? ज्या बाईनं जन्मभर विका विका म्हणून नवऱ्याचं डोकं खाल्लं, तिनं काढला? रोज दुपारी नवरा झोपल्यावर? बाथरूममध्ये उभं राहून?

हो, बाथरूममध्ये. म्हणूनच तो साबणाचा वास, आता काय लपवायचं. खिडकीशी उभं राहिलं की तो उडतो, डोळा फार तिखट त्याचा. मग मी मागं मागं सरकत गेले, सरकत गेले, तर बाथरूमच्या दारात अंधार असतो, तिथून तो सरळ दिसतो आणि त्याला मी दिसत नाही. स्टुलावर बादली पालथी घालायची, बादलीवर टॉवेलची घडी, घडीवर हे नळकांडं. आणि स्वस्थ उभं राहायचं. आधी श्वास सोडायचा, मग दाबायचं. हे कुणी शिकवलं नाही मला, दळण निवडतानासारखंच आहे ते, घाई केली की खडा जातो. खिडकीच्या चौकटीला कुंभारीण माशी घर बांधतेय मातीचं, तिचाही काढलाय, थांबा, हा. चिखलाचा गोळा पायांत धरलाय बघा. मी ते घर दर वर्षी झाडूनं पाडत आले. यंदा हे पाडायला निघाले तर मी म्हटलं राहू दे, तर हे बघतच राहिले माझ्याकडे. ताप आलाय का विचारलं.

नवं नाहीये हो हे मला. लहानपणी मामानं कॅमेरा दिला होता हातात, घरातल्या लग्नाचे फोटो काढ म्हणून. मी अख्खा रोल विहिरीच्या बेडकांवर संपवला. मावशीच्या लग्नाचा एक फोटो नाही आमच्यात, बेडकाचे आहेत. परत कुणी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, आणि मीही विसरून गेले. विसरले होते खरंच. त्या दिवशी डोळा लावला आणि — ती विहीरच समोर आली. ह्या वयात.

काय म्हणालात? ह्यांना भेटायचंय? कशाला? हात चांगला आहे ह्यांचा? ह्यांच्याकडून शिकायचंय? हे फोटो बघून? अहो, ह्यांचं ते झुडूप आहे, मागं वळून बघा. हे माझे आहेत. मी काढलेत. एकूण एक. ह्यांनी जन्मभर जंगलं तुडवली आणि मला खंड्या मिळाला बाथरूमच्या दारात, आणि हेच मी त्यांना सांगू शकत नाही. माझी लाज एकवेळ गिळेन मी. लोक हसतील, हसोत. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला, गुडघा धरून बसलेल्याला, कुठल्या तोंडानं दाखवू की बघा, असा काढतात? पुन्हा हात नाही लावायचे कशाला. म्हणून म्हणते, भाऊ, तुम्ही जा. बुरशीबिरशी काही नाही आत, वस्तू सोन्यासारखी आहे. पण ती गेली तर मी काय करू दुपारी? मी आजवर ह्या घरात माझ्यासाठी काही मागितलं नाही, आणि आता मागायचंय तर नेमकं तेच, जे मीच विकायला लावलं. तुम्ही नाही म्हणा, एवढंच करा. महाग वाटलं म्हणा, जड वाटलं म्हणा, काहीही म्हणा, ते यायच्या आत फक्त —

मागं काय बघताय?

अहो. कधी आलात तुम्ही? जिन्यात पावलं नाही वाजली. दार उघडंच होतं का? कुठपासून उभे आहात — शेपट्यांपासून? बाथरूमपासून? दारात का उभे, आत या, ते खोकं आधी खाली ठेवा. तसे बघू नका. हसताय की काय करताय तेच कळत नाही मला. अहो, ते मी आपलं बोलता बोलता बोलले, ह्या भाऊंना पटत नव्हतं म्हणून. झुडूप चांगलंच आहे. मी कधी नाही म्हटलं का.

काय? परत बोला. नीट ऐकू नाही आलं.

हो. दाखवते की. आत्ता? हो, ह्याच वेळेला येतो तो. या. असे या, भिंतीला धरून, ओली आहे फरशी, गुडघा सांभाळा. बादली मी घालते पालथी. तुम्ही पुढं उभे राहा, मी मागून सांगते. आधी श्वास सोडायचा. नाही, एवढ्या जोरात नाही.

तुम्ही अजून इथंच का, भाऊ? दार ओढून घ्या जाताना. आणि जिन्यात चपला वाजवू नका.