उत्तरं कानडीतनं

(सोलापूर. सकाळची वेळ. राजशेखर पलंगावर पडलेला. बायको रेश्मा शेजारी उभी. त्याची आई बसव्वा दाराशी पिशवी भरतेय.)

रेश्मा : बरं, ते ऱ्हाऊ द्या. हा सोपा हाय. समुद्रमंथनातनं रत्नं किती निघाली?

राजशेखर : हदिनाल्कु.

रेश्मा : आत्या?

बसव्वा : चौदा म्हणतोय.

रेश्मा : बरोबर हाय. पण मराठीत म्हणा की. चौ... चौ...

राजशेखर : हदिनाल्कु.

बसव्वा : छळू नको गं त्याला. आलं की उत्तर.

रेश्मा : छळत न्हाई आत्या. डॉक्टरीणबाई म्हणल्या, आवडीचं इचारत ऱ्हावा. ह्यांना दुसरं काय आवडतंय? इतकी वर्सं मंडळात, शाळंत प्रश्नमंजूषा घेतली. आदल्या दिवशी सगळे प्रश्न माझ्यावर घासून बघायचे. मी भाकरी थापायची, हे इचारायचे. तवाच पाठ झाले मला.

बसव्वा : झटका आला तवा म्हणलं, जीव वाचला, बास. वाचा गेली तरी चालंल. तर वाचा हाय, मराठी कळती बी, बोलायची तेवढी गेली. असं कुटं असतंय का?

रेश्मा : असतंय म्हणं. दोन भाषांच्या माणसाला कदी कदी होतं. ल्हानपणीची ऱ्हाती, मागनं शिकलेली जाती. परत येईल का इचारलं, तर सांगता येत न्हाई म्हणल्या.

बसव्वा : देव बघंल.

रेश्मा : माझ्याशी जे काय बोलले, ते सगळं मागनं शिकलेलंच की आत्या. तुमी तिकडं गावाकडं, आमी हितं. ह्या घरात कानडी कुणी बोललंच न्हाई.

बसव्वा : इचार पुढचं. बघायलाय तुझ्याकडं.

रेश्मा : हां. पहाटं गातात तो राग कुठला?

राजशेखर : भैरव.

रेश्मा : ऐकलं का आत्या? मराठीत बोलले.

बसव्वा : नाव हाय गं ते. आमच्यात बी भैरवच म्हणत्यात.

रेश्मा : व्हय, नावच हाय. बरं. सोलापुरात मार्शल लॉ लागला, ते साल?

राजशेखर : मूवत्तु.

बसव्वा : तीस.

रेश्मा : आन् आपल्याकडं पहिला बोलपट आला, ते?

राजशेखर : मूवत्तोंदु.

बसव्वा : एकतीस. बोलपट म्हंजे काय गं?

रेश्मा : बोलका सिनेमा. त्याच्या आदी माणसं पडद्यावर नुस्ती तोंडं हलवायची.

बसव्वा : आन् बघणाऱ्याला कसं कळायचं?

रेश्मा : काय म्हाईत. आता खुनाचा इचारते. हा ह्यांनी सोता रचलेला, पोरं लई खूश व्हायची. वादळात गावाच्या तारा तुटल्या. त्याच दिवशी कारखान्याचा मालक मेला. कामगार म्हणला, मी त्या येळंला यंत्रमागावर चादर इणत व्हतो. पोलिसानं त्यालाच धरलं. का?

राजशेखर : आवत्तु करंट इरलिल्ल.

रेश्मा : थांबा आत्या, सांगू नका. करंट म्हणले. लाईटच नव्हती, मग माग चालंल कसा? बरोबर? बघा, हे कळलं मला.

राजशेखर : इकिन्न वेळापूरक्क कळसु, अव्वा.

रेश्मा : वेळापूर म्हणले. माझं माहेर कशापायी निघालं?

बसव्वा : तुझ्या आईचं इचारतोय. बरी हाय का म्हणतोय.

रेश्मा : आई मागल्या साली गेली आत्या. ह्यांनीच खांदा दिला तिला.

बसव्वा : इसरला आसंल.

रेश्मा : समुद्रातली रत्नं ध्यानात हायेत आन् आई इसरले? कळसु म्हंजे काय?

बसव्वा : पाठव. तिला वेळापूरला भावाकडं पाठव म्हणतोय.

रेश्मा : माझ्या तोंडावर?

बसव्वा : तुला कळत न्हाई म्हणून म्हणला गं. त्याला बी बघवत न्हाई. तू मरमर राबतीस, तो पडून बघतोय.

रेश्मा : आन् तुमी चाललात.

बसव्वा : दानेश्वरीचे दिवस भरलेत. सासू न्हाई तिला. एक लेकरू हितं, एक अक्कलकोटला, मी कुठल्या लेकराला न्हाई म्हणू?

रेश्मा : जाऊ नका म्हणत न्हाई मी. फकस्त, मी जात न्हाई, हे कानडीत कसं म्हणायचं तेवढं सांगून जावा.

बसव्वा : ना होगंगिल्ल.

रेश्मा : ना होगंगिल्ल. ऐकलं का वो? ना होगंगिल्ल.

बसव्वा : तोंड फिरवलं बघ. आसू दे. खाली रिक्षा वाजायली. काय अडलं तर फोन लाव, त्याच्या कानाला धर, मी सांगते तुला.

रेश्मा : फोन धरत न्हाईत ते. परवा दानेश्वरीताईंचा आला तर हातानं ढकलून दिला.

बसव्वा : मग काय करू बाई मी? बाळंतपण उरकलं की येते. जेव येळंवर.

रेश्मा : जावा आत्या. सावकाश उतरा, खालची पायरी मोडलीय.

राजशेखर : कूड.

रेश्मा : काय? पाणी देऊ?

राजशेखर : कूड.

रेश्मा : उशी वर घेऊ? हे घ्या. न्हाई? ऊन येतंय का तोंडावर? खिडकी लावू?

राजशेखर : कूड. इल्ले कूड.

रेश्मा : चिडू नका. मला न्हाई वो कळत. खिडकीतनं हाक मारली असती, पण आत्यांची रिक्षा दिसंना कुटं. रागावू नका माझ्यावर. सकाळधरनं उभी हाय, डोकं बी चालंना. हितं टेकते जरा तुमच्यापाशी, मग परत सांगा.

राजशेखर : (ती पलंगावर बसताच शांत होत) हौदु.

रेश्मा : हौदु म्हंजे व्हय. तेवढं येतंय मला. पण कशाला व्हय म्हणलात?