कॉलरवरची फुंकर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या गिरणीचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, विणकाम, रंग आणि फिनिशिंग खात्यांचे सगळे मास्तर, समोर बसलेल्या कामगार भगिनी आणि बंधूंनो, आणि आज निवृत्त होणारी उत्सवमूर्ती, जी तुमच्या गिरणीत सूतबाई आहे आणि माझ्या घरी सूनबाई आहे, तीसुद्धा.

मी बसूनच बोलणार आहे. उभं राहायचं मनात होतं, पण गुडघ्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. अध्यक्षांनी मघाशी कानात सांगितलं की आजोबा, थोडक्यात आटपा. अध्यक्षांबद्दल मला आदर आहे, पण सुनेचं कौतुक सासऱ्यानं चारचौघांत करायची वेळ वारंवार येत नाही, तेव्हा त्यांनी घड्याळ जरा खिशात ठेवावं.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा गिरणीचा ना कामगार ना भागधारक, याला माईक कुणी दिला? बरोबर आहे. मी तर तुमचा विरोधक. मी खऱ्या फरचे कोट शिवणारा माणूस. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर माझी कार्यशाळा होती. लांबलचक टेबल, भिंतीवर टांगलेली कातडी आणि खिडकीशी माझं मशीन. त्या घरात ही सून म्हणून आली आणि आल्यावर काही दिवसांत नोकरी कुठे धरली, तर तुमच्याकडे, सुताच्या खात्यात! तेव्हा तुम्ही न्हाणीघरातली पायपुसणी आणि पोरांच्या खेळण्यातली अस्वलं बनवायचात. मी मुलाला म्हटलं, तुझी बायको पायपुसण्यांच्या गिरणीत जाते हे माझ्या गिऱ्हाइकांना सांगू नकोस. तो हिशेबनीस, तो आमच्या दोघांच्या भांडणात कधी पडला नाही. अजूनही पडत नाही, तो बघा मागच्या रांगेत बसलाय.

आमच्या धंद्यात फर बघायची एक रीत आहे. हात फिरवून फसायला होतं, डोळ्यांनीही फसायला होतं. फरवाला काय करतो? फर तोंडाजवळ नेतो आणि फुंकर मारतो. केस बाजूला होतात, फुलासारखं एक वर्तुळ उघडतं. वर लांब, ताठ, चकचकीत केस. खाली दाट, मऊ, धुक्यासारखी लव. आणि अगदी तळाशी कातडं, तेही नीट दिसू नये इतकी लव दाट हवी. फुंकर थांबली की सगळं आपोआप मिटतं. मी आयुष्यभर अशा फुंकरा मारल्या आणि व्यापाऱ्यांची बोलती बंद केली.

तर झालं काय, सूनबाईनं मोठ्या साहेबांकडे, म्हणजे आपल्या अध्यक्षांच्या वडिलांकडे, हट्ट धरला. म्हणाली, खरी वाटेल अशी फर मी करून दाखवते, मला एक यंत्र द्या. मोठे साहेब भले माणूस, पण व्यापारी. त्यांनी यंत्र दिलं आणि अट घातली. हिवाळ्याआधी कोट कंपनीच्या खरेदीदार बाई येतील. त्यांना माल पटला तर यंत्र तुझं. नाहीतर यंत्रावर पुन्हा पायपुसणी, आणि तुझं सुताचं खातंही बंद. तिनं मान्य केलं, आणि संध्याकाळी पहिला तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी हजर.

मी फुंकर मारली. केस बाजूला झाले आणि खाली सरळ विणलेलं कापड दिसलं, जाळीसकट. मी म्हटलं, टक्कल आहे. नापास.

दुसरी कुणी असती तर रुसली असती, आईकडे निघून गेली असती. हिनं काय करावं? माझ्या भिंतीवरचं उत्तम कातडं उतरवलं, भिंगाखाली धरलं आणि त्यातले केस चिमट्यानं उपटायला लागली! माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. मी ओरडलो. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, केस दोन जातींचे आहेत. मी एकाच जातीचं सूत घेत होते." मला ते मिसरूड फुटल्यापासून ठाऊक होतं. पण ती काय करणार आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं.

एके दुपारी ती स्वयंपाकघरातून हाका मारायला लागली. चहाची किटली उकळत होती. तिच्या हातात झुबकेदार तुकडा, सगळे केस सारख्या उंचीचे. तिनं तो वाफेवर धरला. आणि मंडळी, माझ्या डोळ्यांदेखत त्यातले निम्मेअधिक केस आक्रसत आक्रसत खाली गेले, कुरळे झाले, तळाशी त्यांची लव झाली. उरलेले तसेच ताठ उभे. एकाच सुतात तिनं दोन तऱ्हेचे तंतू पिळले होते, एक वाफेनं आखडणारा आणि एक न आखडणारा. माझी बायको चहा मागत होती. मी तिला म्हटलं, थांब जरा, आणि सुनेला म्हटलं, पुन्हा करून दाखव.

पास केलं का? नाही. का करावं? हात फिरवला तर ब्रशासारखं टोचत होतं. खऱ्या केसाचं टोक निमुळतं असतं, हिच्या केसाचं टोक कात्रीनं कापल्यासारखं बोथट. नापास. मग ती तंतूंची टोकं कसल्याशा द्रावात बुडवून ठेवायला शिकली. तो द्राव टोकं हळूहळू खाऊन बारीक करी. बुडवायचं किती, काढायचं कधी, यात कितीतरी तंतू विरघळून गेले. मग चमक बाहुलीच्या केसांसारखी म्हणून नापास. तिनं गोल तंतू सोडून चपटा घेतला. मंडळी, काही लोक म्हणतात, सासऱ्यानं छळलं बिचारीला. मी अभिमानानं सांगतो, मी तिला एकदाही लाड म्हणून पास केलं नाही. तिलाही ते नको होतं.

शेवटी तिनं तळहाताएवढा तुकडा आणला. मी फुंकर मारली. वर्तुळ उघडलं, मिटलं. मी पुन्हा मारली. मग एवढंच म्हटलं की राहू दे इथे. ती लगेच गिरणीत गेली, कारण त्याच सुताचा पूर्ण तागा यंत्रावर लागला होता.

आता इथे माझी बायको येते. तिचा एक कोट होता, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी शिवलेला. त्याच्या कॉलरला कसर लागली होती. ती रोज ऐकवायची, साऱ्या गावाचे कोट शिवता, माझी कॉलर कधी? जुळणारं कातडं मला मिळत नव्हतं. त्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि तो तुकडा कॉलरला जोडला. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोला वाटलं, मिळालं वाटतं एकदाचं कातडं. खूश झाली, कोट घालून शेजारणीकडे जाऊन आली.

आणि गिरणीत काय घडलं, ते फिनिशिंग मास्तर माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मास्तर, मान खाली घालू नका, ही गोष्ट आता आपल्या सगळ्यांची आहे. तागा यंत्रावरून उतरून त्यांच्या खात्यात आला. या माणसाचा जन्म पायपुसण्यांवर गेलेला. त्यांच्या हातून गेलेलं पायपुसणं टेबलासारखं सपाट असायचं, त्यात वाद नाही. त्यांनी बघितलं, केस वरखाली आलेत. सूतबाईंचं यंत्र बिघडलेलं दिसतंय, उद्या पाहुण्यांसमोर बाईंची शोभा नको. असं म्हणून मोठ्या मायेनं त्यांनी सगळा तागा कातरणी यंत्रातून काढला. ती निमुळती टोकं सगळी भुशाच्या पोत्यात! आणि खरेदीदार बाई दुसऱ्या दिवशी येणार.

सूनबाई घरी आली आणि चपला न काढता उंबऱ्यातच बसली. "बाबा, सगळं सपाट झालं," म्हणाली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. तिनं मास्तरांना एक शब्दही बोल लावला नाही, ते प्रेमानंच केलंय म्हणाली. मी म्हटलं, उद्या सासूला बरोबर घेऊन जा, कोट घालून. मीही येतो. तिला काही कळेना. मी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी याच इमारतीत, वरच्या खोलीत, मी खरेदीदार बाईंना म्हटलं, या कोटाच्या कॉलरमध्ये या गिरणीच्या फरचा एक तुकडा आहे, शोधून दाखवा. माझी बायको माझ्याकडे बघतच राहिली. सूनबाईनं तर कॉलरवरच डोळे रोखले. बाई जाणकार होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि फुंकर मारायला सुरुवात केली. इकडून, तिकडून, मानेमागून. बायको म्हणाली, "सावकाश बघा हो, पण मला सर्दी होऊ देऊ नका." बाई दमल्या. म्हणाल्या, तुम्हीच दाखवा.

मी पुढे झालो. शिवणारा मीच ना! ऐटीत एक फुंकर मारली आणि बोट ठेवलं. अस्तर उसवून बघितलं, तर बोटाखाली खरं कातडं. तुकडा वीतभर पलीकडे होता.

मंडळी, फरच्या बाबतीत माझं बोट त्याआधी कधी चुकलं नव्हतं. माझा चेहरा उतरायला हवा होता. पण मला इतका आनंद झाला की मी हसत सुटलो, आणि मग सगळेच हसले. यंत्र राहिलं, खातं राहिलं. पुढे त्या एका यंत्राच्या जागी अख्खी शेड उभी राहिली, ज्यात आज तुमच्यापैकी निम्मी मंडळी कामाला आहेत. मास्तरांच्या खात्यात 'वरखाली केस कातरू नयेत' अशी पाटी लागली, ती अजून आहे, मी येताना बघून आलो.

आता हा कोट बघा. मुद्दाम आणलाय. हिची सासू गेली आणि हा कपाटात राहिला. यंदा बाहेर काढला तर पुन्हा कसर लागलेली. बाही, पाठ, खिसे, माझ्या हातचं सगळं जागोजागी गळून गेलंय. कॉलरवर एवढा एक तुकडा तेवढा भरगच्च आहे. आता तो ओळखायला फुंकर लागत नाही. हात वर करून धरतो, मागच्यांनाही दिसेल.

सूनबाई, त्या दिवशी मी नुसता हसलो. तो शब्द बोलायचा राहून गेला, आणि तूही कधी विचारलं नाहीस. आज एवढ्या लोकांसमोर सांगतो. पास. आणि उद्यापासून तू मोकळी आहेस, तर माझं टेबल मी पुसून ठेवलंय. फर तुझी, शिवण माझी. हा कोट आपण दोघं मिळून पुरा करू, तिला तो असा टकला आवडला नसता.

गिरणीनं मला इथे बोलावलं, माझ्या सुनेचा असा सन्मान केला, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही वरखाली झालं असेल तर पोटात घाला. मास्तर, तुम्ही मात्र कातरायला घेऊ नका, तसंच राहू द्या.