सोमवारची खिडकी

आख्ख्या आंदर मावळात मला फशी पाडणारा अजून जन्माला आला न्हाई, तुमाला सांगतो! ...म्हंजे, जन्माला आला न्हाई हे खरंच हाय. तो कंपनीतनं खोक्यात भरून आला. पांढरा डबा, तळहाताएवढा, वर हिरवा दिवा, आन् तो दिवा मिंटामिंटाला डोळा मारतोय! त्या डब्यानं माझी ही गत केली वो. सत्तरी गाठली मी, आजवर सगळ्यांना टोप्या घातल्या. पावसाळ्यात कान्ह्याच्या टेशनावर मुंबईचे पाव्हणे उतरायचे, "धबधबा कुठंय?" म्हणून इचारायचे, मी सरळ माझ्याच भाताच्या खाचराकडं बोट करायचो. चार चार गडी, पांढऱ्या बुटात, चिखलातनं बांध चढत्यात आन् धबधबा हुडकत्यात... पोट धरून हसायचो! असा मी. शिदूआबा म्हनलं की लोक दोन पावलं मागं सरत्यात. आन् आता ह्या वयाला माझीच मला पंचाईत. मी बोललो ते खोटं व्हतं का खरं, ते मलाच कळंना!

झालं काय... मागल्या साली भातं झोडून झाली तवाची गोष्ट. आमची मंडळी, बयाबाई, माझ्या मागं लागलेली. म्हंजे लगीन झाल्यापास्नंच लागलीय, पण त्या आठवड्यात जरा जास्ती. तिला चुलीपाशी खिडकी पायजे. आमच्या सैपाकाच्या खोलीला खिडकी न्हाई. गॅस हाय, न्हाई असं न्हाई, पण तो च्यापुरता. भाकरी आमची चुलीवरच. ती म्हणायची, "अवो, तेवढी खिडकी पाडा की." मी म्हणायचो, "सोमवारी पाडू." आता सोमवार काय, दर आठवड्याला येतो, त्यामुळं माझा शब्द कदी मोडला न्हाई! चाळीस वरसं असं गोडीगुलाबीनं चाललं व्हतं. तर ह्या बारीला तिनं परस्पर गवंडी गाठला, महिपती, वरल्या वाडीचा. लोणावळ्यात कुणाचा तरी जुना बंगला पाडत व्हते, तितली खिडकीची चौकट बी आणली, पडवीत उभी करून ठेवली, आन् सोमवार ठरवून टाकला. खराखुरा सोमवार! आता आली का न्हाई पंचाईत? गवंडी म्हनलं की मला दिसभर घमेली उचलाय लागणार!

आन् आदल्या दिवशी, रविवारी, चैताली आली.

पुण्याच्या कालेजातली पोरगी. घरं बांधायचं कालेज. पण तुमाला सांगतो, घरं बांधत न्हाईत तितं, मोजत्यात! पाठीवर पिशवी, हातात टेप, डोक्याला ऊन लागू न्हाई म्हणून ही येवढी टोपी. "आबा, मी जुन्या घरांवर संशोधन करते. तुमचं घर मोजू का?" म्या म्हनलं, मोज की, नेणार तर न्हाईस ना उचलून? हसली बिचारी. मग इचारती, "किती जुनं आहे?" आता घर म्या सोता बांधलंय. म्हंजे कुडाच्या भिंती बयानं लिंपल्या, कौलं वाडीनं चढवली, पण उभा मी व्हतो ना! पण तसं सांगितलं तर मजा कसली? म्या म्हनलं, "पणज्याच्या वक्ताचं." लिहून घेतलं! तितंच माझ्या आंगात आलं बघा.

दार बघितलं तिनं. आमचं दार भायेरच्या अंगाला उघडतं. ते बी असंच लोणावळ्याच्या एका बंगल्याचं, मी उलटं बसवलं, बसवल्यावर ध्यानात आलं, मग म्हनलं जाऊ दे. पण हिला काय सांगितलं? "बिबट्या दार ढकलतो, पोरी. त्याला वडता येत न्हाई. म्हणून पणज्यानं भायेर उघडणारं केलं." लिहून घेतलं. दाराला पितळी फट हाय, बंगल्यावाल्यांचं टपाल टाकायची. पणज्याला कोण वो टपाल धाडणार? "ही फट कशाला, आबा?" म्या म्हनलं, "बिबट्या गेला का न्हाई ते आतनं बघाया." ते बी लिहून घेतलं! बया चुलीपाशी भाकरी थापत व्हती, तितनं नुसतं "हूं" केलं तिनं. तिचं हूं म्हंजे लय वाईट, शिव्या परवडल्या.

मग मागली भिंत. ती हाय तिरकी. का तिरकी, ते खरं तुमाला म्हणून सांगतो, भायेर बोलू नका. पाया आखायला दोरी लावली, एक टोक खुंटीला, दुसरं टोक बांधलं शेळीच्या खुंट्याला. म्हनलं दुसरी खुंटी कशाला ठोका? आन् शेळीनं दुपारच्याला खुंटा वडला, पाल्याकडं. दोरी तानलेलीच व्हती, मला काय कळणार? गेली भिंत शेळीच्या मर्जीनं! पण चैतालीला म्या म्हनलं, "पावसाचं तोंड बघून पणज्यानं वळवलीय." पोरीचे डोळे असे चमकले! "आबा, हे फार मोठं ज्ञान आहे हो!"

शेळीचं वो! शेळीचं ज्ञान!

आन् मग आली ती सैपाकाच्या खोलीत. "इथं खिडकी नाही?" बया वळली. तिनं तोंड उघडायच्या आत म्या म्हनलं, "न्हाई, मुद्दाम ठेवली न्हाई. पूर्वजांचं शास्त्र हाय. आतल्या आत धूर फिरला की कारवीच्या कुडाला कीड लागत न्हाई." पोरगी आ करून बघतीय. आन् म्हणती काय, "आबा, मावशी, माझी हात जोडून विनंती आहे. मी इथं यंत्रं बसवते. उष्णता, ओल, धूर सगळं मोजतील. पण एक वर्ष घरात काहीही बदल करू नका. एक भोकसुद्धा नको!"

आता तुमीच सांगा, चालून आलेली लक्ष्मी कुणी परत धाडतं का? म्या म्हनलं, "शिक्षणाचं काम हाय. अडवणार न्हाई आमी." महिपतीला निरोप धाडला, येऊ नको. चौकट राह्यली पडवीत टेकून, तिच्यावर कोंबड्या बसाया लागल्या. बया माझ्याकडं बघून एवढंच बोलली, "झालं ना मनासारखं?" आन् गेली आत, भाकरी थापाया.

चार डबे लावले पोरीनं. पडवीत एक, मधल्या खोलीत एक, मागल्या भिंतीला एक, चुलीच्या वर एक. मला वाटलं, चला, माणसांना फसवून कंटाळा आला व्हता, आता मशीनला फसवू! एक डबा कोंबडीच्या खुराड्यात ठेवला, आंडी उबवत्यात तितं. एक डबा नेऊन दिसभर कौलांवर वाळत घातला, पापडासारखा. एकाला वला पंचा गुंडाळला. मनात म्हनलं, आता बसा मोजत! तर आठ दिसांनी हिचा फोन. "आबा, मंगळवारी दुपारी तुमच्या मधल्या खोलीत पापड भाजतील इतकी उष्णता कशी काय?" म्या म्हनलं, "मधी मधी व्हतं असं. पणज्याचा कोप." तर म्हणाली, "असू दे, त्या दिवसाचे आकडे काढून टाकते." काढून टाकते! माझी येवढी मेहनत वाया! शिडी लावून चढलो व्हतो मी, ह्या गुडघ्यांनी! मग डबा न् डबा गुमान जागेवर नेऊन ठेवला.

तर वरीस झालं. परवाच्या रविवारी आली ती. संगं तिचे सर, पांढरी दाढी, काखंत वही, मान वर करून सारखं छप्पर बघत्यात. वाडीतली माणसं गोळा केली समाजमंदिरात, भिंतीवर पडदा लावला. मी पुढल्या रांगेत, टोपी धुतलेली. म्हनलं आता हसाया मिळणार. बिबट्या, पणजा, शेळी... उकळी फुटत व्हती नुसती. लाल रेघ, निळी रेघ, वर गेली, खाली आली. आन् पोरगी बोलाया लागली.

"आबांनी सांगितलं होतं की भिंत पावसाचं तोंड बघून वळवली आहे. आम्ही चार महिने मोजलं. ह्या वाडीत आम्ही मोजलेल्या सगळ्या घरांत सगळ्यात कोरडी भिंत आबांची आहे!"

टाळ्या! मला घाम. म्या मनाशी म्हनलं, असं कसं? ती शेळीनं आखलीय की!

"दार बाहेर उघडतं, त्यामुळं वाऱ्याच्या झोतानं ते आणखी घट्ट बसतं आणि पाऊस आत येत नाही!"

आवो, उलटं बसलंय ते! चुकलंय माझं! पण बोलू कुणाला? माणसं वळून वळून माझ्याकडं बघत्यात, "आबा, तुमी तर लय मोठे निघाला." मी खोटं बोललो, मशीन म्हणतंय खरंय. आता मशीन खोटं बोलतंय म्हणावं, तर त्याला काय मिळणार वो खोटं बोलून? माझ्यासारखी त्याला हौस थोडीच हाय? मग मी खरं बोललो म्हणावं, तर मला तरी ठाऊक पायजे का नको? का ती शेळीच शिकलेली व्हती? मला कळंनाच!

आन् मग सर उठले. दाढी खाजवली. "एक गोष्ट मात्र आम्हाला समजलेली नाही. ह्यांच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. हिशोबानं तिथं धूर दोन तास कोंडून राहायला हवा. पण आमचं यंत्र सांगतंय, वीस मिनिटांत धूर गायब! वर्षभर, रोज. आबा, धूर जातो कुठं?"

सगळी वाडी माझ्याकडं बघतीय. मला काय ठावं धूर कुटं जातो? मी कदी त्याला घालवाया गेलतो का येशीपतोर? पण गडी हरंल का? म्या म्हनलं, "पूर्वजांचं शास्त्र हाय, सर. सांगता येत न्हाई."

"मग दाखवा," म्हणाले.

निघाली की वरात घराकडं! सर, चैताली, अर्धी वाडी. बया आपली भाकरी थापतीय, हिच्या घरात जत्रा शिरली तरी हिची मान वर न्हाई. सरांनी पिशवीतनं उदबत्ती काढली. म्या म्हनलं, आता पूजा घालतो का काय? पेटवली, आन् धूर बघत उभे. धूर सरळ वर गेला, मग थबकला... आन् वळला! असा तिरका, ठरवल्यासारखा, कणगीच्या मागं. भाताची कणगी ती, पुरुषभर उंच. चौघांनी कणगी सरकवली.

भोक!

भिंतीत, वर, वळचणीखाली, चांगलं गोल भोक. फुटक्या मडक्याचा गळा बसवलेला त्यात, भायेरच्या अंगाला उतरता, म्हंजे पाऊस आत याया नको. कडा शेणामातीनं सारवलेल्या, गुळगुळीत. भायेरनं दिसू न्हाई म्हणून म्होरं सरपण रचलेलं. आन् खाली मोरीचं भोक, तितनं गार वारा आत, हितनं धूर भायेर. सर तर नाचायचेच राह्यले! "अप्रतिम! अहो, काय नेमकी उंची आहे! आबा, हे कुणी केलं?"

आता तुमाला खरं सांगतो, ते भोक मी जन्मात पयल्यांदा बघत व्हतो. माझ्याच घरात! पण तोंड माझं, ते काय माझं ऐकतंय व्हय? म्या छाती फुगवली. "आमच्या पणज्यानं!"

तव्यावरची भाकरी उलथली बयानं. हात झटकले. "पणज्यानं न्हाई वो सायेब. मी पाडलंय. आमची लेक चिंगी पोटात व्हती माझ्या, धूर सोसंना. ह्यांना खिडकी पाडा म्हनलं, हे म्हनले सोमवारी. म्या मंगळवारी उलथणं घेतलं."

माणसं अशी हसली, अशी हसली... पोरं तर लोळाया लागली. चैतालीनं वही काढली, पणज्यावर काट मारली मोठ्ठी, आन् इचारती, "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा." माझं आडनाव लागतंय म्हणून तरी बरं, न्हाईतर मी वहीतनं पारच गेलो असतो!

मंडळी पांगली. सर गेले, चैताली डबे काढून घेऊन गेली. घरात मी आन् ती. माझं डोस्कं नुसतं गरगरतंय. म्या म्हनलं, "चाळीस वरसं लपवलंस माझ्यापास्नं?"

"लपवलं कुटं? चुलीपाशीच व्हतं की. तुमीच कदी हिकडं आला न्हाईत."

पण मी बी शिदू हाय. म्या पेच टाकला. म्या म्हनलं, थांब! धूर तर चाळीस वरसं मजेत भायेर जात व्हता. खोकला न्हाई, डोळ्याला पाणी न्हाई. मशीननं सांगितलंय, मी न्हाई! मग खिडकी, खिडकी, खिडकी करून माझा जीव कशापायी खाल्लास? ती चौकट तरी कशाला आणलीस? सांग की! आता बोल!

तिनं परातीत पीठ घेतलं. पाणी घातलं. भिंतीकडं तोंड करूनच बोलली.

"धुराला भोक पुरतं वो. खिडकी मला पायजे व्हती. तुमचं बरं हाय, दिसभर पडवीत बसून आख्खा मावळ बघता. मी चाळीस वरसं ही भिंतच बघतीय."