पुन्हा अर्ज करावा

मंडळी, ऐका. निरूपणाला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. जो दारावर वारंवार येतो, तो निष्ठावान की निर्लज्ज? घाई नको. तुम्ही देवळात बसला आहात, तेव्हा 'निष्ठावान' म्हणाल. स्वतः रोज येता, म्हणून तर नक्कीच म्हणाल. पण हेच उत्तर उद्या सकाळी कचेरीतल्या खुर्चीत बसून द्याल का? तेवढ्यासाठीच हे आख्यान.

कोल्हापूरकडच्या एका औद्योगिक वसाहतीत पंप ओतणारा कारखाना होता. तिथे नीलाक्षी पाटसकर नावाची एक विदुषी. विदुषीच म्हणतो, कारण विद्या होती तिच्याजवळ. विद्येचं नाव सोर्सिंग, म्हणजे कामासाठी माणसं हुडकणं. पूर्वी यासाठी फाटकावर पाटी लावत, चार ओळखीच्यांना विचारत. आता तसं नाही. आता संगणकातलं एक यंत्र जगभरच्या माणसांची माहिती चाळतं — कोण कुठे शिकला, कुठे किती टिकला, फोटो कधी बदलला — आणि प्रत्येकाला शंभरपैकी गुण देतं. चित्रगुप्ताला निदान माणूस मरेपर्यंत थांबावं लागतं. याला तेवढीही सबुरी नाही.

आणि या शास्त्राचा महासिद्धांत ऐका. उत्तम माणूस तो, जो नोकरी शोधतच नाही! त्याला म्हणायचं 'पॅसिव्ह कँडिडेट'. तो आपल्या जागी सुखात असतो. त्याला हुडकायचं, गोड संदेश धाडायचे, आणि त्याच्या सुखाला हळूच चूड लावायची. जो स्वतः येऊन काम मागतो, तो मात्र मुळातच हलका. म्हणजे पुजाऱ्याने प्रसादाचं ताट घेऊन, कधी देवळाची पायरी न चढलेल्याच्या मागे धावावं, आणि रांगेतल्याला सांगावं — तू येतोस ना, मग तुझी भक्ती संशयास्पद आहे.

हसू नका. नीलाक्षीने हे मनापासून मानलं होतं. दुष्ट नव्हती ती. दुष्टांसाठी आख्यान लागत नाही, त्यांना पोलीस पुरतात.

तर त्या कारखान्यातले गुरवआबा निवृत्त झाले. आबा पॅटर्नमेकर; ज्या आकाराचा पंप ओतायचा, त्याचा लाकडी नमुना कोरणारे. ही विद्या वरवर सुताराची, आतून ऋषीची. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, निवताना शंभरात एक भाग आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा कोरायचा. आबांची मोजपट्टीच बाजारातल्या पट्टीपेक्षा तेवढी लांब. वस्तू अजून नाही, पण ती किती आकसेल हे आधी ओळखायचं.

ती जागा भरायचं काम नीलाक्षीकडे आलं. तिने यंत्राला दोन नियम घालून दिले. पहिला : पंच्याऐंशीच्या खालचं नाव मला दाखवू नकोस. दुसरा : एकाच जागेसाठी जो पुन्हा अर्ज करील, त्याचे दर अर्जाला पाच गुण काप, गरजू माणूस आपल्याला नको. आणि ज्यांना नकार जाईल त्यांच्यासाठी एक सुंदर पत्र स्वतः बसून लिहिलं — 'आपला अनुभव मोलाचा आहे. सध्या योग जुळला नाही. कृपया पुन्हा अर्ज करावा.' ते पत्र यंत्र आपोआप पाठवी. साऱ्या कचेरीने त्या पत्राचं कौतुक केलं. किती माणुसकी आहे, म्हणाले.

दोन्ही वाक्यं एकाच हातची, मंडळी. एक म्हणतं, पुन्हा ये. दुसरं म्हणतं, पुन्हा आलास की पाच गुणांनी खाली. लिहिणारीने ती दोन्ही शेजारी ठेवून एकदाही वाचली नाहीत.

सात महिने गेले. राजकोटच्या एका सुखी माणसाशी आठ आठवडे गोडीगुलाबी चालली; शेवटी तो नीलाक्षीचं पत्र आपल्याच मालकाला दाखवून बढती घेऊन मोकळा झाला. कोइंबतूरच्या माणसाने उत्तरच दिलं नाही, म्हणून त्याचे गुण वाढले. अखेर तिने मोठ्या साहेबांना अहवाल दिला : 'असा कारागीर महाराष्ट्रात उपलब्ध नाही.'

आपल्या शास्त्रकारांनी अनुपलब्धीचाही विचार केला आहे. घडा दिसत नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येतं. पण अट आहे : उजेड हवा आणि डोळे उघडे हवेत. झोपेत 'सूर्य नाही' असं म्हणणाऱ्याच्या शब्दाला प्रमाण म्हणत नाहीत. आता म्हणतात, आता त्याला अहवाल म्हणतात.

मग खंडेनवमी आली. यंत्रांना झेंडू वाहिले, लेथला कुंकू लागलं. पूजेला गुरवआबा आले होते. रिकामं टेबल पाहून त्यांनी नीलाक्षीला सहज विचारलं, "बाई, रघुवीर पांचाळ नाही आला? सव्वीस वर्षं कोरलंय त्यानं. त्याची फाउंड्री बंद पडली तेव्हा मीच सांगितलेलं, इथं अर्ज टाक म्हणून. माझ्या पट्टीला दुसरा हात नाही."

तिने हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. खुर्चीत बसून यंत्रात टाकलं. आणि ते निघालं. चौदा अर्ज. दर पंधरवड्याला एक. पहिल्याला गुण एक्याऐंशी. चार कमी पडले, कारण पांचाळांचा इंटरनेटवर कुठे फोटो नव्हता. मग शहात्तर. मग एकाहत्तर. शेवटच्याला सोळा.

बीड शंभरात एक आकसतं, मंडळी. माणूस किती, ते इथे मोजलेलं होतं.

तिने फोन केला. पांचाळ दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, इस्त्रीचा सदरा घालून हजर. त्यांना बाहेर बाकावर बसवून ती मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, उत्तम अहवाल दिलात. माणूस मिळत नाही म्हटल्यावर संगणकातल्या चित्रावरून नमुने छापणारं यंत्रच मागवलं, जागा रद्द केली. नीलाक्षी सांगू शकली असती की माणूस आहे, बाहेर बाकावर बसला आहे, मीच त्याला झाकला होता. तिचे ओठ हलले. मग ती 'थँक यू सर' म्हणाली.

पांचाळांच्या हातात फाईल होती. मुलीकडून छापून घेतलेली चौदा पत्रं, तारीखवार लावलेली.

"मॅडम, बाकी कुणी उत्तरच देत नाही," ते म्हणाले. "तुम्ही दरवेळी दिलंत. पुन्हा या म्हणालात, म्हणून येत राहिलो."

तिने जागा रद्द झाल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, सवय होती.

"एक विचारू? माझ्यात काय कमी पडलं? सांगा. शिकून घेतो."

खरं उत्तर चार शब्दांचं होतं : तुम्ही फार वेळा विचारलंत. ते तिला ठाऊक होतं.

"काही कमी नाही हो," ती म्हणाली. "पुन्हा अर्ज करा."

आणि पांचाळांचा चेहरा उजळला, मंडळी. हेच मला सोसत नाही. त्यांनी नमस्कार केला, फाईल काखेत मारली आणि बाईंनी समक्ष सांगितलं या आनंदात ते फाटकाबाहेर पडले. दोन दिवसांनी पंधरावा अर्ज आला. यंत्राने गुण दिले अकरा. सुंदर पत्र आपोआप गेलं.

आता तुम्ही म्हणाल, नीलाक्षी वाईट. खुशाल म्हणा, पण तुम्ही कुणाला 'पुन्हा या' म्हणून ठेवलं आहे, ते आठवून म्हणा. प्रत्येकाच्या दाराबाहेर एक पांचाळ बसलेला आहे — कुणाचा भाऊ, कुणाचा विद्यार्थी, कुणाची कज्ज्यात अडकलेली बहीण — आणि तुमच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून तो दरवेळी पाच गुणांनी आकसतो आहे.

टाळकऱ्यांनो, टाळ खाली ठेवा. आज गजर नाही. देवाला हाक मारायची तर तो ऐकतो या भरवशावर मारायची. आणि आपण ऐकत नाही, हे आज शाबीत झालं आहे. बुक्का लावून घ्या, घरी जा. वाटेत कुणी हाक मारली, तर किती वेळा मारली ते मोजू नका.