खोट्या नाण्याने खऱ्याची पारख

खरं सांगू मंडळी, हे आख्यान मी लिहूनच ठेवणार नव्हतो. दिगूकाका आमच्याच आळीतले ना! पण तेच म्हणाले, "लिही रे, लाज कसली!"

तर ऐका. पारख करणाऱ्याची पारख करायची कुणी? सांगा!

दिगूकाकांना चांदीची नाणी जमवायचा नाद. खिशात कायम एक नाणं — लक्ष्मीपूजनातलं! दुसऱ्याचं नाणं फरशीवर टाकायचं, मग आपलं. आवाज जुळला तर खरं. पण ते खिशातलं कधी तपासलं? छे! देवातली वस्तू कुणी तपासतं का? हसू नका, तुमच्या देव्हाऱ्यातही बघा एकदा!

चिपळुणात जिवलग मित्राच्या, अनंताच्या मुलीचा साखरपुडा. अनंताने जावयाच्या हातावर चांदीचं नाणं ठेवलं. दिगूकाकांना कुठला धीर! घेतलं — खण्ण! आपलं टाकलं — ठक्क!

"अन्या, फसलास! खोटं आहे!"

झालं! व्याह्यांचा चेहरा आंबट. विहीणबाई म्हणतात कशा, "सुरुवातच अशी?" अनंता मान खाली घालून उभा. सोयरीक मोडते की काय!

तेवढ्यात नवरी उठली — मुक्ता. "काका, तुम्हीच शिकवलंत ना, चांदीवर बर्फ झरझर वितळतो?"

"ठेव की!" काका ऐटीत. दोन्ही नाणी ताटात मांडली. मुक्ताने कोकम सरबतातले दोन खडे काढून ठेवले.

एकावरचा बघता बघता पाणी! दुसऱ्यावरचा? बसलाय, पाहुण्यासारखा!

आणि त्याच नाण्याच्या कडेला — कुंकू. दिवाळीचं!

मंडळी, नाणी दिसायला जुळी. कुंकू एवढंसं, दिसलं फक्त काकांना. अंगठ्याने पुसलं असतं तर? नाव राहिलं असतं. मित्र गेला असता!

अंगठा पुढे गेलासुद्धा... आणि थांबला.

"व्याहीबुवा, खोटं नाणं माझं. अन्याचं अस्सल आहे."

विहीणबाई हसल्या. "अहो, मग पेढे थांबलेत कशाला?"

आता तुम्ही! सुनेला, शेजाऱ्याला, भावाला कुठल्या नाण्याशी ताडून बघता? त्यावर कधी बर्फ ठेवलाय?

अनंता म्हणाला, "दिग्या, बावीस वर्षं गिलटाला हळदकुंकू वाहिलंस की रे!"

काकांनी त्याचा हात धरला. "अन्या, शब्द देतो. यापुढे बर्फ आधी माझ्या नाण्यावर."