बारीक अक्षरातले मास्तर

...नाई, मंगलाचं नाव पुस्तकात आलं याचं मले दुःख नाई. बायको हाय माही. पन तुमाले सांगतो, त्या पोरीले घरी आनलं कोनं? म्या!

सौंसरच्या बसस्टँडवर उभी होती, पाठीवर हे मोठी बॅग. तेजस्विनी नाव, पुन्याहून आल्ती. म्हने, "भूभाग, संस्कृती आणि स्थानिक विकास यावर पीएचडी करतेय." आता एवढा मोठा विषय, अन् समोर मी, जन्मभर शाळेत हिंदी शिकवलेला मास्तर! म्हनलं, बाई, भूभाग आपलाच हाय, चाल घरी. वरची खोली देल्ली, कूलर देल्ला, अन् गावभर सांगून ठेवलं का पुस्तकात आपलं नाव येऊन राहिलं.

रोज सकाळी कुर्ता घालून बैठकीत बसो. ती मोबाईल पुढं ठेवे रेकॉर्डिंगले, का मी सुरू... "हमारा क्षेत्र सांस्कृतिक दृष्टि से अत्यंत समृद्ध है..." आता माइकसमोर मराठी कोन बोलते हो आपल्याइकडं? गाव मराठी, पन राज्य पडलं हिंदीवाल्याइचं; शाळा हिंदीत, कचेरी हिंदीत, सत्कार हिंदीत... मराठी राह्यते घरात, भांडाले! पोरगी "हो सर, हो सर" म्हने अन् हळूच सैपाकघरात जाये. मले वाटे, भूक लागली असंल. भूक कायची! मंगला पानगे थापून राहिली, जावेले नावं ठेवून राहिली, संत्र्याच्या बगिच्याचं बोलून राहिली, अन् हे बया सारं रेकॉर्ड करून राहिली! माह्याच घरात! अन् आनलं कोनं तिले? म्या!

यंदा पुस्तक घेऊन आली. म्या चार लोक बोलावले, पेढे आनले. शेजारचा गुणवंता मोठ्यानं वाचाले बसला. पहिल्याच पानावर मंगला: "सोयरे नागपूरले, सरकारी कागद छिंदवाड्याले, आता जिल्हा बदलला तं म्हन्ते पांढुर्न्याले... बाई, मानसानं बसावं कोन्या बसमंदी?" लोक वा वा करून राहिले. अरे, वा वा कायची, हे ते माह्याशी भांडताना बोलली होती! म्हनलं, गुणवंता, पुढं पाह्य. पाहता पाहता शेवटचं पान आलं, अन् तिथं खाली, बारीक अक्षरात, मी: "यजमान शासकीय हिंदीत बोलत असल्याने त्यांच्या मुलाखती वापरता आल्या नाहीत."

लागलं हो. पोटच्या पोरीसारखं ठेवलं होतं तिले. तिले म्हनलं बी तसं. तर कशी म्हन्ते, "सर, काकूंशी भांडता तसं माझ्याशी एकदा तरी बोलायचं होतं."

आता परवा तिचे मोठे सर आले, पुढचं पुस्तक कराले. म्हनलं, आज सोडत नाई. मंगलाले सैपाकघरातच थांबवलं. सोफ्यावर बसलो, आपल्या बोलीतलं पहिलं वाक्य मनात घोटून ठेवलं, त्याइनं मोबाईल पुढं ठेवला, लाल ठिपका लागला, अन् माह्या तोंडातून निंघालं... "आदरणीय अतिथिगण..."

सरांनी मान हलवली. मंगला पदराले हात पुसत बाहेर आली, माह्याकडं पाह्यलं, खुर्ची वढून बसली. मी उठलो. अन् तुमाले सांगतो, त्या दोघाइसाठी चहा कोनं आनला?

म्या.