कृपया थांबा

(प्रेस-शॉपचं दार आतून लावलेलं. मॅनेजरचा उजवा हात पत्रे दाबायच्या प्रेसखाली पट्ट्याने करकचून बांधलेला.)

दीर : ओरड अजून. वरचा ठोकळा खाली आला की तसंही ओरडणारच आहेस.

मॅनेजर : डोकं फिरलंय का तुझं? ए बाई, आवर तुझ्या दिराला!

दीर : माझ्या भावाचा हात इथेच गेला. कोपरापर्यंत. हाडाचा नुसता भुगा.

मॅनेजर : त्याचीच चूक होती! मशीन चांगलं होतं. लाल बटण दाबलं की थांबतं.

दीर : मग घाबरतोस कशाला? मी चालू करतो, वहिनी लाल बटण दाबतील. वहिनी, उभ्या राहा तिथे.

वहिनी : राहिले.

मॅनेजर : नको! नको, ताई!

दीर : आता ताई झाली होय रे? इथे मी बसवलेली डबी होती. हाताएवढी. ना पडदा, ना कीबोर्ड. कुठे गेली?

मॅनेजर : काढली. जुनी झाली होती.

दीर : तिला जन्मात एकच काम यायचं. मध्ये हात आला किंवा बटण दाबलं की पापणी लवायच्या आत प्रेस थांबवायचा. दुसरं काही तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या जागी काय लावलंस?

मॅनेजर : ऑफिसातला कॉम्प्युटर... किती माल निघाला ते घरबसल्या दिसतं त्यावर.

दीर : तो कागद छापतो, हिशेब करतो, तुला सिनेमे दाखवतो. सगळं येतं त्याला. फक्त वेळेवर थांबता येत नाही. घे, चालू करतो.

मॅनेजर : थांब! सांगतो! तो... तो मध्येच अडकतो. बटण दाबलं तरी कधीकधी ऐकत नाही. मला माहीत होतं. आईशप्पथ, एवढं होईल असं वाटलं नव्हतं!

दीर : ऐकलंत, वहिनी? आता मला अडवू नका.

वहिनी : भाऊजी, त्या पाळीला मीही कामावर होते. हे ओरडले ना, तेव्हा बटणाशी मीच होते. दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. खाली लिहून आलं, कृपया थांबा.

दीर : मग?

वहिनी : मग काय, मी थांबले. वाटलं, थांबवतोय तो. ह्यांचा हात आत, आणि मी पडद्याकडे बघत उभी.

दीर : वहिनी, मी दाबतो चालूचं बटण. ह्याला सोडणार नाही मी!

वहिनी : व्हा बाजूला. मेन स्विच पाडलाय मी. आता तो ठोकळा हलायचा नाही.

दीर : का पाडलात? का?

वहिनी : मला अजून एका हाताचा भुगा नकोय. शिक्षेचं कोर्ट बघून घेईल. दार उघडा. सगळ्या कामगारांना आत बोलवा. हा आत्ता बोलला ते सगळ्यांसमोर बोलू दे.

मॅनेजर : बोलतो, ताई, सगळं बोलतो. पण आधी माझा हात सोडा. पाया पडतो, हात सोडा!

वहिनी : कृपया थांबा.